एकाच अक्षरातले अकरा प्रश्न

राज्यशास्त्राची चाचणी मी बुडवली नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो. मी चाचणीला गेलो होतो. पेन, पट्टी, रुमाल, ओळखपत्र असा सगळा जामानिमा करून चांगला अर्धा तास आधी गेलो होतो. फक्त चाचणी आदल्या दिवशी होऊन गेली होती. मी ज्या वेळापत्रकावरून अभ्यास आखला ते गेल्या वर्षीचं निघालं. गेल्या वर्षीचा कागद फलकावरून कुणी काढत नाही यात विद्यार्थ्याचा काय दोष, असं मी सरांना नम्रपणे विचारलं. सर म्हणाले, "मतदारयाद्या तयार करण्याच्या कामात तुला चांगलं भवितव्य आहे." माझ्या भवितव्याबद्दल कॉलेजात कुणी चांगलं बोलल्याची ही एकमेव वेळ, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

चाचणीचे पंचवीस गुण गेले की विषय गेला, आणि विषय गेला की वर्ष गेलं, हा हिशेब सरांनी मला फळ्यावर मांडून दाखवला. मग त्यांना दया आली. आमच्या प्रभागात निवडणूक होती, आणि वाचनालयाच्या सभागृहात तिन्ही उमेदवारांचा जाहीर वादसंवाद ठेवला होता. तिथे जायचं, शेवटपर्यंत बसायचं, अध्यक्षांची हजेरीची सही आणायची आणि माझ्या मनावर काय ठसा उमटला ते आठशे शब्दांत लिहायचं. काय झालं ते लिहू नकोस, असं सरांनी बजावलं. काय होतं ते आपल्याला बावीस वर्षांपासून माहीत आहे. आणि सही नसेल तर निबंध घेऊन खोलीपर्यंत यायचेसुद्धा कष्ट घेऊ नकोस. म्हणजे माझं अख्खं वर्ष आता एका सहीवर आलं होतं.

सभेला जाऊन बसणं यात अवघड ते काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

वाचनालयात फक्त एकशेवीस खुर्च्या. म्हणून त्यांनी नियम केला होता की एका इमारतीला एकच पास. तो पास घ्यायला मी खिडकीवर गेलो तर तिथल्या ग्रंथपालांनी मी त्या इमारतीत राहतो याचा पुरावा मागितला. विजेचं बिल बाबांच्या नावावर, घर बाबांच्या नावावर, टेलिफोन आजोबांच्या नावावर. माझ्या नावावर जगात एक सायकल होती आणि तिची पावती हरवली होती. ग्रंथपाल म्हणाले, वडिलांचं पत्र आणा.

बाबा एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहेत. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं नोंदवल्यामुळे स्वतःचं पत्र लिहायची संधी आली की ते हरखून जातात. जेवण झाल्यावर त्यांनी टेबल पुसून घेतलं आणि लिहिलं, 'सदर विद्यार्थी गेली एकोणीस वर्षे माझ्याकडे राहत असून त्याची वर्तणूक बरी आहे.' आईने ते वाचून 'बरी' खोडून 'चांगली' करायला सांगितलं. बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले की खाली माझी सही आहे, मी खोटं लिहून देणार नाही. या मुद्द्यावर आमच्या घरी दोन दिवस अबोला होता. शेवटी पत्र 'बरी'सह गेलं. ग्रंथपालांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना ते पटलं.

पास मिळाला आणि खरी पंचाईत सुरू झाली. आमची इमारत चार मजल्यांची, बारा बिऱ्हाडांची. त्यातलं एक कायम कुलूपबंद. उरलेल्या अकराही घरांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कळलं होतं की इमारतीचा एकुलता एक पास पहिल्या मजल्यावरच्या मुलाने परस्पर लाटला. संध्याकाळी जिन्यात बैठक बसली. वरच्या मजल्यावरचे काका वरच्या पायरीवर बसले. हे काका कोर्टाच्या नकला विभागातून निवृत्त झालेले. तीस वर्षं निकालपत्रांच्या नकला केल्यामुळे न्याय या वस्तूवर आपली थोडीफार मालकी आहे असं ते मानतात, आणि त्यांना इमारतीत सगळे घटनातज्ज्ञ म्हणतात. त्यांना ते नाव ठाऊक आहे आणि मनातून आवडतं.

घटनातज्ज्ञांचं म्हणणं असं की पास इमारतीचा आहे, तेव्हा तो ज्येष्ठतेने जायला हवा. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, तसं असेल तर आधी कोणाचे किती दात शिल्लक आहेत ते पाहू. आईने माझ्या वर्षाचा प्रश्न काढला आणि डोळ्याला पदर लावला. कोरडा होता, पण जिन्यातल्या दिव्यात ते कुणाला दिसलं नाही. शेवटी ठरलं की पास मला द्यायचा, पण मी तिथे एकटा म्हणून जायचं नाही. इमारतीचा प्रतिनिधी म्हणून जायचं आणि प्रत्येक घराचा एक प्रश्न नेऊन तिथल्या पेटीत टाकायचा. सर्वांनी हात वर करून मंजुरी दिली. मी सहज कठड्याला टेकून उभा होतो, तो प्रतिनिधी होऊन घरी परतलो.

प्रश्नांसाठी वाचनालयाने छापील चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. लोकांनी निर्भयपणे विचारावं म्हणून चिठ्ठीवर नाव लिहायचं नव्हतं, आणि पंचवीस शब्दांची मर्यादा होती. मी अकरा चिठ्ठ्या उचलून आणल्या. एका माणसाला एकच चिठ्ठी, असा एक कागद त्या गठ्ठ्यामागच्या भिंतीवर चिकटवलेला होता असं नंतर मला सांगण्यात आलं. मी भिंती वाचत नाही.

घटनातज्ज्ञांचा प्रश्न चार पानी होता आणि त्याला दोन परिशिष्टं होती. त्याचे पंचवीस शब्द करायला दोन संध्याकाळी लागल्या, कारण प्रत्येक शब्द काढताना ते त्याचा अंत्यविधी करत. 'तथापि' काढायला ते शेवटपर्यंत तयार नव्हते. दातांच्या डॉक्टरांनी प्रश्न स्वतःच लिहून आणला, पण तो औषधाच्या चिठ्ठीसारखा दिसत होता. आम्ही तो आळीपाळीने उजेडात धरून पाहिला. मग मी त्यांच्याकडे गेलो, तर काय लिहिलंय ते त्यांनाही वाचता येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना प्रश्न नव्हता, पण आपल्या घराचा राहून जाऊ नये म्हणून त्यांनी दोन दिवस विचार करून एक काढला. आईचा प्रश्न पाण्याच्या वेळेबद्दल होता, आणि त्यात शेजारच्या इमारतीत पाणी आधी का येतं हा पोटप्रश्न होता.

तळमजल्यावर मागच्या बाजूच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्या बैठकीला आल्या नव्हत्या, त्यांना शाळेचे गणवेश द्यायचे होते. मी खाली गेलो तेव्हा त्या मशीनवरच होत्या. पाय न थांबवता त्यांनी सांगितलं की गटार तुंबलं की पाणी मशीनच्या पायट्यापर्यंत येतं, तर ते कधी साफ होणार एवढंच विचार. मी शब्द मोजले. सगळ्या इमारतीत मर्यादेत बसलेला तो एकच प्रश्न होता.

आता हे सगळं चिठ्ठ्यांवर उतरवायचं होतं. इथे मला माझ्या अक्षराबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. माझं अक्षर सुंदर आहे. हे मी म्हणत नाही, शाळेतल्या तीन प्रशस्तिपत्रकांत म्हटलेलं आहे. टाकी धुण्याची सूचना असो की हरवलेल्या मांजराची जाहिरात, इमारतीतला प्रत्येक कागद माझ्या हातचा असतो. तेव्हा आई म्हणाली, सगळे प्रश्न तूच लिही, इतक्या मोठ्या लोकांपुढे जायचेत तर नीट दिसायला नकोत का. मी शाईचं पेन काढलं आणि अकराही चिठ्ठ्या अशा लिहिल्या की एकेक उचलून फ्रेम करावी. लिहून झाल्यावर त्या पलंगावर ओळीने वाळत घातल्या. आई-बाबा शेजारी उभे राहून बराच वेळ बघत होते. वर्तणुकीबद्दल नाही, पण अक्षराबद्दल 'चांगलं' लिहून द्यायला बाबा त्या दिवशी तयार झाले असते.

सभेच्या दिवशी चार वाजताच मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. अकरा चिठ्ठ्या पेटीत टाकल्या. सभागृह तळमजल्यावर, आणि त्याच्या लांबच लांब खिडक्या वाचनालयाच्या अंगणात उघडणाऱ्या. पास नसलेले लोक अंगणात उभे राहून ऐकू शकत होते. थोड्या वेळाने मी मागे पाहिलं तर डावीकडच्या दोन खिडक्यांत आमची अख्खी इमारत होती. घटनातज्ज्ञ घरून स्टूल घेऊन आले होते. शिवणकामाच्या काकू सगळ्यात कडेला, खांद्यावर टेप तसाच, बहुधा अर्ध्या कामावरून उठून आल्या होत्या.

अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यासमोर पितळी घंटा होती, आणि ती वाजवायची त्यांना मनापासून इच्छा होती हे त्यांच्या बोटांवरून दिसत होतं. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं की वाद मुद्द्यांवर झाला पाहिजे. पण वाद होईना. तीन उमेदवार होते. एक माजी सदस्य, ज्यांना सगळे नुसतं माजी म्हणत. दुसऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. तिसरे एक तरुण तडफदार नेते, वय सेहेचाळीस, बाह्या दुमडलेल्या. माजींना तीन मिनिटं मिळाली होती, त्यातली पावणेदोन व्यासपीठावरच्या लोकांची नावं घेण्यात गेली, आणि व्यासपीठावर चारच लोक होते. डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या रांगेतल्यांना मी स्पष्ट दिसते का असं विचारलं, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांना दवाखान्याची वेळ सांगितली. तडफदारांनी बाह्या आणखी वर सारून आपण रस्त्यांच्या बाजूने असल्याचं जाहीर केलं. तर बाकीचे दोघेही रस्त्यांच्याच बाजूने निघाले. तिघेही पाण्याच्या बाजूने, तिघेही स्वच्छतेच्या बाजूने, तिघांचाही डासांना ठाम विरोध. अर्धा तास असं एकमत ऐकून मुख्याध्यापिकाबाई कंटाळल्या आणि म्हणाल्या, कुणीतरी विरोध करा, निदान डासांच्या बाजूने तरी बोला. तिघांनीही यात लक्ष घालण्याचं आश्वासन दिलं.

मी वहीत ठसे टिपत होतो. पहिला ठसा: खुर्ची कडक आहे.

मग प्रश्नांची पेटी आणली. प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं होती. बाईंनी पहिली चिठ्ठी काढली. ती माझी नव्हती. सभागृहातले पंखे का बंद आहेत असा त्यात प्रश्न होता. त्यावर तिन्ही उमेदवार पंखे लावण्याच्या बाजूने बोलले, आणि त्यात सहा मिनिटं गेली. पंखे लागले नाहीत. वेळ वाचवायला बाईंनी पुढच्या चार चिठ्ठ्या एकदमच काढल्या आणि चौतीस वर्षांच्या सवयीने वह्यांसारख्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मग त्यांनी चष्मा पुढे ओढला. आणखी चार काढल्या. आणखी दोन. आणखी एक. मग त्यांनी वर पाहिलं. एकाच मुलाने चौघांचा गृहपाठ लिहिल्यावर शिक्षक ज्या नजरेने वर बघतात तीच ती नजर होती.

"या अकरा चिठ्ठ्या एकाच हातच्या आहेत," बाई म्हणाल्या.

सभागृहात कुजबुज झाली. माजी पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले. हा डॉक्टरीणबाईंचा डाव आहे, त्यांनी सभेत आपला माणूस पेरलाय, असं ते म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रश्न पेरायची पद्धत कुणी आणली हे सगळ्या प्रभागाला दिसतंय, चष्म्याशिवाय. तडफदार उभे राहिले आणि त्यांनी दोघांचाही निषेध केला. इतका वेळ अडलेला वाद एकदाचा वाहू लागला. बाईंच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं, पण ते क्षणभरच. त्यांनी घंटा वाजवली आणि हे कुणी लिहिलं ते त्याने आपण होऊन सांगावं असं फर्मावलं.

मी आपण होऊन सांगणारच होतो. पाच-दहा मिनिटांत, गर्दी पांगल्यावर, खासगीत. पण डाव्या खिडकीतून आईचा आवाज आला.

"बाई, ते आमच्या मुलाचं. पहिलीपासून असंच वळणदार आहे."

अभिमानाने तिने खिडकीतून हात आत घालून बोटही दाखवलं. एकशेवीस माणसांनी आधी खिडकीकडे पाहिलं आणि मग तिच्या बोटाच्या रोखाने माझ्याकडे. आजूबाजूच्या दोन खुर्च्यांवरचे लोक किंचित सरकून बसले. मी कोणत्या पक्षाचा, असं मागून एकाने विचारलं. मी दुसऱ्या वर्षाचा, असं मी सांगितलं, पण ते कुणी ऐकलं नाही.

बाईंनी मला व्यासपीठावर बोलावलं. मी जाताना सरांनी दिलेला हजेरीचा कागद सोबत घेतला. इतक्या जवळ जातोच आहोत तर सहीचं काम उरकावं, असा माझा साधा विचार. बाईंनी तो कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "नियम मोडणाऱ्याच्या कागदावर मी सही करत नाही. या अकरातला तुझा स्वतःचा प्रश्न कोणता, तेवढा सांग. तो एकच विचारला जाईल, बाकीचे रद्द. मग सही."

मी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. अकराही माझ्या अक्षरात होत्या आणि एकही माझी नव्हती. तीन संध्याकाळी सगळ्यांचे प्रश्न लिहिण्यात मला स्वतःला काही विचारायचंय का हे बघायचंच राहून गेलं होतं. मग म्हटलं, यातला एखादा आपला म्हणावा. हात पुढे केला आणि सहज वर पाहिलं. दोन खिडक्यांत अकरा घरं उभी होती. घटनातज्ज्ञ स्टुलावरून पुढे झुकले होते आणि ओठ हलवून मला 'तथापि' म्हणून दाखवत होते. दातांचे डॉक्टर नुसते हसत होते, आणि पुढच्या महिन्यात माझी अक्कलदाढ त्यांच्याच हातात जायची होती. आईचा निवडावा तर दहा घरं म्हणणार घरचंच बघितलं. आईचा न निवडावा तर मला जेवायला त्याच घरी जायचं होतं. कडेला काकू टेप हातात गुंडाळत होत्या. त्यांचा प्रश्न सर्वांत खरा होता हे मला त्याही वेळी माहीत होतं. मी तो उचलायला हवा होता. पण एक उचलला की दहा जातात, हे गणित माझ्या डोक्यात असं काही बसलं की हात पुढे जाईना. एकीकडे माझं वर्ष, दुसरीकडे माझा जिना.

आणि मग मी बोलू लागलो.

"अध्यक्षबाई," मी म्हणालो, "यातला एक माझा, असं मी कसं म्हणू. हे सगळेच माझे आहेत."

खिडकीत टाळी वाजली. टाळी काय चीज आहे ते ज्याला कधी मिळालेली नाही त्याला सांगून कळणार नाही. मी माइक जरा जवळ ओढला. म्हणालो, पाणी माझं आहे, रस्ताही माझा आहे. मी कुणा एकाचा नाही, मी संपूर्ण इमारतीचा आहे. मग इमारत लहान वाटली म्हणून गल्लीचा झालो, आणि पुढच्या वाक्यात प्रभागाचा. माझा उजवा हात आपोआप वर गेला होता आणि तर्जनी छताकडे होती. मधूनच मी बंद पंख्यांचाही उल्लेख केला, त्याला उजवीकडून टाळ्या आल्या. उमेदवार तिघेही टक लावून ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "प्रश्न कोणता विचारला जाईल, कोणता नाही, ते मी जाणत नाही. पण या सभागृहासमोर मी शब्द देतो, यातल्या प्रत्येक प्रश्नाचा मी स्वतः पाठपुरावा करीन."

असा कडकडाट मी आधी कधी ऐकला नव्हता. त्या आवाजात घंटा वाजलेलीही मला कळली नाही. बाई घड्याळाकडे बघत होत्या. मी सलग नऊ मिनिटं बोललो होतो आणि प्रश्नोत्तरांची वेळ संपली होती. अकरातला एकही प्रश्न विचारला गेला नाही. आभारप्रदर्शन झालं.

बाईंनी कागद ओढून सही केली. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'उपस्थित. फारच.' तेवढ्यात माजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज चांगला आहे म्हणाले, पण मध्ये एकदाही पाणी प्यायला नाहीस ही चूक. मधे थांबून पाणी प्यावं, लोकांना वाटतं आपण विचार करतोय. तडफदारांनी कार्ड दिलं. डॉक्टरीणबाईंनी माझी बुबुळं बघितली आणि दवाखान्याची वेळ सांगून गेल्या.

घरी जाताना इमारत माझ्या मागे मिरवणुकीसारखी चालत होती. सगळ्यांनी माझं तोंडभर कौतुक केलं. मला वाटतं, आमच्या गल्लीच्या वळणापर्यंत मी जगातला सर्वांत सुखी विद्यार्थी होतो. वळणावर घटनातज्ज्ञ थांबले, स्टूल खाली ठेवून त्यावर बसले आणि माझ्या प्रश्नाला नेमकं उत्तर काय मिळालं, असं त्यांनी विचारलं. मग डॉक्टर थांबले. मग मावशी. प्रत्येक जण आपापल्या पंचवीस शब्दांचं काय झालं ते आठवू लागला, आणि कुणालाच काही आठवेना.

शिवणकामाच्या काकू मागून आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"छान बोललास," त्या म्हणाल्या. "अगदी त्यांच्यासारखं."

मी ओशाळं हसलो.

"मग उद्या किती वाजता निघायचं?"

"कुठे?"

"पाठपुराव्याला. त्या तिघांपैकी कुणी शब्द दिला नाही, तू दिलास. मी सगळं काम पुढे ढकललंय."

मला लाज वाटली. खरीखुरी, कानाच्या पाळ्या गरम करणारी. तरीही माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल, तर "बघू, लक्ष घालतो." काकूंनी मान हलवली आणि सांगितलं की लक्ष नको घालूस, दहाला ये, कचेरी साडेदहाला उघडते.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रभाग कचेरीत गेलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरी जेवायला गेली होती. जेवून आल्यावर तिने आम्हाला पहिलीकडे पाठवलं. मी हताश होऊन परत फिरायच्या बेतात होतो, पण काकूंनी पिशवीतून एक गणवेश काढला आणि तिथल्याच बाकावर बसून काजं करायला घेतली. साहेब येईपर्यंत मला वेळच आहे, म्हणाल्या. चार वाजेपर्यंत तीन गणवेशांची काजं झाली. चौथा काढल्यावर आतून एक माणूस चप्पल घालत बाहेर आला आणि कुठलं गटार ते दाखवा म्हणाला. शुक्रवारी गाळ निघाला. कचेरीतल्या त्या दिवसभरात मी अर्ज लिहिले, रांगेत उभा राहिलो आणि एकही वाक्य हात वर करून बोललो नाही.

निबंधात मी हे सगळं लिहून टाकलं, नऊ मिनिटांसकट. सरांनी सही उलटसुलट करून पाहिली आणि पंचवीसपैकी चौदा गुण दिले. उमेदवारांबद्दल फार थोडं आहे, चौथ्या वक्त्याबद्दलच जास्त आहे, असा शेरा होता. विषय सुटला, वर्ष वाचलं, आणि आता आपण मोकळे झालो असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी दार उघडलं तर जिन्यात रांग होती. काकूंचं गटार साफ झालं ही बातमी वरपर्यंत पोचली होती. सगळ्यात पुढे घटनातज्ज्ञ, हातात मूळ चार पानं, दोन्ही परिशिष्टांसह. मागे डॉक्टर, मागे मावशी. शेजारच्या इमारतीतलेही दोघे होते, ज्यांच्याकडे पाणी आधी येतं, आणि त्यांना ते आणखी आधी हवं होतं.

याला आता आठ महिने झाले. निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा तिघांपैकी कोण निवडून आलं हे आमच्या जिन्यात कुणी विचारलंसुद्धा नाही. रविवारी सकाळी नऊला दाराची बेल वाजते, बाबा आवकच्या वहीत नाव नोंदवून घेतात, आणि आई आतून सांगते, "बसा हं दोन मिनिटं, साहेब दात घासतायत."